झाकणावरचं नाव

पहिला डबा मंगळवारी दुपारी साडेचार वाजता टीव्हीच्या मागून आला, आणि त्यात कुणाची तरी अर्ध्या तासाची झोप होती.

शलाकाने तो दोन्ही हातांनी उचलला. पाव किलो साखर मावेल एवढा स्टीलचा डबा, लख्ख घासलेला, बुडाशी कोमट. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी दोनच अक्षरं घातली होती, नि. चि. आतली झोप घट्ट सायीसारखी होती, किंचित राखाडी, आणि तिला इस्त्रीच्या कपड्यांचा वास येत होता. शलाकाने बोट बुडवून चाटलं तर उभ्याउभ्याच तिची मान कलली. तिनं घाईघाईनं झाकण लावलं आणि हाक मारली, "आई, अगं झोप आलीय!"

"मग झोप की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला कशाला सांगतेस?"

"मला नाही गं. डब्यात आलीय."

आई हात पुसत बाहेर आली.

तिला चौदा महिने झोप नव्हती. कमी होती असं नाही, नव्हतीच. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, मग चालायला सांगितलं, मग म्हणाले, ताई, मन रमवा. आईने मन रमवलं. वर्षाच्या कुरडया झाल्या, सगळ्या उशांना नवे अभ्रे शिवून झाले, माळ्यावरची पितळी भांडी दोनदा चिंच लावून घासून झाली. दुपारी ती चटईवर आडवी व्हायची आणि पंख्याकडे बघत राहायची. पंख्याला तीन पाती होती, ती काही वाढली नाहीत.

न झोपल्यामुळे तिची जाग घरात साचत गेली. बारीक रव्यासारखी असायची ती. खिडकीच्या कट्ट्यावर, अभ्र्यांच्या शिवणीत, आईच्या चपलांच्या टाचेशी. झाडू मारला की सुपलीत मूठभर यायची. शलाका ती दारातल्या लाजाळूच्या कुंडीत ओतायची. तेव्हापासून लाजाळू हात लावला तरी मिटत नसे.

त्या जागेपणाचा शलाकाला एकच फायदा होता. सकाळी सहाला आई उठवायला यायची, शलाका पांघरुणातून म्हणायची, "पाच मिनिटं, आई," आणि आई घड्याळ न बघता बरोबर पाच मिनिटांनी परत यायची. एकदाही चुकली नाही.

टीव्हीला जोडायचा खेळाचा कन्सोल पुण्याच्या शुभाआत्याचा. तिनं हौसेनं घेतला आणि तिच्याकडे तो नुसता धूळ खात पडला. "खेळा बाई तुम्ही, माझी मान धरते," म्हणत दिवाळीत ती तो संगमनेरला ठेवून गेली. शलाकाच्या हाती तो अगदी वेळेवर लागला. नववी ब मधली ही मुलगी त्या वर्षी नुकतीच बोलायला लागली होती. म्हणजे बोलायची आधीही, पण पुटपुटायची. ऑगस्टमध्ये सानेबाईंनी तिला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, आणि समोरची तीनशे डोकी आपल्यासाठी गप्प बसलेली पाहून तिला असा काही चेव आला की ती स्टेजवरून उतरेचना. तेव्हापासून घरात, वर्गात, रिक्षात तिचाच आवाज. अशा मुलीला कानाला हेडफोन आणि तोंडासमोर माईक मिळाला, मग काय विचारता.

खेळाचं नाव होतं 'पैलतीर'. चौघांनी आपापल्या घरून खेळायचा. एका खाटेवर कुणीतरी तोंडावरून पांघरूण घेऊन झोपलेलं असतं. चौघांनी खाटेचे चार पाय धरायचे आणि ती लाकडी पुलावरून पलीकडे न्यायची. खेळाडूंचं बोलणं खाटेवरच्या माणसाला ऐकू जात नाही, पण पाय आपटला किंवा खाट टेकवली तर ते जागं होतं. जागं झालं की पूल पडतो. पलीकडे पोचलं की खाट तिथं ठेवायची, माणूस तिथलंच होऊन जातं. मग चौघं एकमेकांना भेट पाठवू शकतात.

शलाकाचं तिथलं नाव 'नऊब'. तिच्या शेजारचा पाय धरायची 'निळीचिमणी', जाड, दमलेल्या आवाजाची एक बाई. मागे 'गुंडोपंत', जे कुणी न नेमता पुढारी झाले होते. चौथा खेळाडू कधीच बोलला नाही. त्याच्या माईकमधून फक्त कुकरच्या शिट्ट्या यायच्या.

"डाव्या अंगाला फळी नाही, नऊब!" गुंडोपंत ओरडायचे. "डोळे काय घरी ठेवून आलीस?"

"घरीच तर आहे मी, आजोबा!"

"आजोबा कुणाला म्हणतेस?"

"खोकताय तसं, म्हणून!"

तर त्या मंगळवारी निळ्या चिमणीने भेट पाठवली ती ही. आईने चमच्यानं खाल्ली. "जरा अळणी आहे," म्हणाली, आणि चमचा हातात असतानाच चटईवर कलंडली. चार चाळीस ते पाच दहा, तोंड उघडं टाकून ती झोपली. शलाका शेजारी मांडी घालून बसली. अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही, आणि ऑगस्टपासून असं पहिल्यांदाच घडत होतं.

उठल्यावर आई आरशासमोर गेली. गालावर चटईचे वळ उमटले होते. तिनं त्यांच्यावरून हळूच बोट फिरवलं.

"कुणाचा डबा हा?"

"निळ्या चिमणीचा."

"राहतात कुठं त्या?"

"माहीत नाही. पुलावर भेटतात."

"बरं. घासून ठेव. आणि रिकामा देऊ नकोस, बरं दिसत नाही."

बाबा दुकानातून आले तेव्हा त्यांनीही डबा हातात घेतला. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि दारावर पाटी होती, 'नाव टाकून मिळेल'. पंचवीस वर्षं ते लोकांच्या भांड्यांवर नावं घालत होते. गिऱ्हाइकाला ते नेहमी सांगायचे, "नाव असलं की भांडं मालकाकडे येतं. नाही आलं, तर मालकाला भांड्याकडे जावं लागतं. दोन्हींतलं एक होणारच." आता त्यांनी नि. चि. वरून अंगठा फिरवला.

"आपल्या गावातला हात नाही. पण घातलंय स्वच्छ."

शलाकाने डब्यात साखर भरली, वर दोन वेलदोडे ठेवले आणि डबा टीव्हीच्या मागे वायरींच्या गुंत्यात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तर डबा तिथं नव्हता.

"साखर कशाला गं पाठवलीस?" निळी चिमणी पुलावर म्हणाली. "मला डायबेटीस आहे."

"अय्या, सॉरी! मग काय पाठवू?"

"झोप माझ्याकडे ढीग पडलीय. चहा पिता पिता येते, फोनवर बोलता बोलता येते. काल खाटेचा पाय धरल्याधरल्या झोपले. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

"कळलं की," गुंडोपंत म्हणाले. "खाट तिरकी झाली होती."

"थोडी जाग असली तर दे," निळी चिमणी म्हणाली.

"जाग? आमच्याकडे सुपलीनं आहे!" शलाका म्हणाली.

तसं सुरू झालं. रोज शाळा सुटली की खाट उचलायची, पूल ओलांडायचा, की टीव्हीच्या मागून डबा खणकन यायचा. आई खायची, झोपायची. शलाका डबा घासून त्यात कट्ट्यावरची जाग भरायची. पाव किलोचा डबा अर्ध्याचा झाला, अर्ध्याचा एक किलोचा. झोप अर्ध्या तासाची तीन तासांची झाली. आईच्या डोळ्यांखालचं काळं उतरलं. एका गुरुवारी ती शलाकावर कडाडून रागावली, ओला टॉवेल कॉटवर टाकला म्हणून, आणि बापलेक दोघंही खूश झाले. इतके महिने रागवायचं त्राणही तिच्यात नव्हतं.

पण पूल रोज एका फळीनं लांब होत होता. आधी पंधरा मिनिटांत पलीकडे जायचे, तिथं आता दीड तास लागायचा. शलाकाच्या दोन्ही अंगठ्यांना घट्टे पडले. शुक्रवारी वर्गात हजेरीला ती 'हजर' म्हणाली ते पहिल्या बाकापर्यंतही पोचलं नाही.

"शलाका, बॅटरी उतरली का गं?" सानेबाई म्हणाल्या.

"नाही बाई. पूल लांब झालाय."

"बरं. बस खाली."

आणि जाग संपत आली होती. आई झोपायला लागल्यावर ती साचणार कुठून? शलाका अभ्रे उलटे करून झटकायची, चपला एकमेकींवर आपटायची. शेवटी तिनं लाजाळूची कुंडी उकरली आणि मातीतून वेचून काढली. संध्याकाळी लाजाळूला हात लावला तर ती मिटली.

चूक रविवारी झाली. घासलेल्या भांड्यांच्या टोपलीत एका मापाचे दोन डबे उपडे होते. एक निळ्या चिमणीचा. दुसरा आईचा, रुखवतातला. त्याच्या झाकणावर 'सौ. हेमा' होतं. ते बाबांनीच घातलेलं. तेव्हा हेमा त्यांची कुणी नव्हती, तिचं लग्नही ठरायचं होतं, तिच्या मामांनी दुकानात डझनभर भांडी आणली होती आणि भाची मागे उभी होती. त्या झाकणावरचा 'मा' थरथरलेला आहे. बाबांच्या हातून पंचवीस वर्षांत थरथरलेलं ते एकच अक्षर.

शलाकाने चिमणीच्या डब्यात जाग भरली. बाहेर टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून गुंडोपंतांचा आवाज येत होता, "नऊब! अगं ए नऊब! खाट उचलायचीय, का आम्ही तिघांनीच खांदा द्यायचा?"

"आले, आले!"

हाताला आलं ते झाकण तिनं डब्यावर दाबलं. ते बसलं. घरात दोन सारखे डबे असले की झाकणांची अदलाबदल होतेच, कुणाकडे होत नाही? बसलं म्हणून तिनं पाहिलं नाही. डबा टीव्हीच्या मागे गेला.

सोमवारी ती शाळेतून आली तर दार नुसतं लोटलेलं होतं. आईच्या चपला जागेवर होत्या. गॅस बंद होता, कुकर गरम होता, अर्धी निवडलेली मेथी वर्तमानपत्रावर पडली होती. चटईवर आई झोपते तेवढा भाग खोलगट होता आणि त्यावर कुणी नव्हतं.

"आई?"

टीव्ही चालू होता. पुलावर तिघं खाट धरून उभे होते, चौथा पाय हवेत होता.

"उशीर केलास," गुंडोपंत म्हणाले. "धर लवकर, तोल जातोय."

शलाकाने कंट्रोलर उचलला आणि बटण दाबून पाय धरला.

"आज माणूस जड आहे गं बाई," निळी चिमणी म्हणाली.

खाटेवरचं पांघरूण हिरवं होतं, कोपऱ्याला रफू केलेलं. ते रफू शलाकाच्या डोळ्यांदेखत केलेलं होतं. पायाकडून दोन पावलं बाहेर आली होती. भेगाळलेल्या टाचा, बोटांत जोडवी.

"ही माझी आई आहे," शलाका म्हणाली.

चौथ्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग हळू चालू," गुंडोपंत म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत.

"नाही! पुढे नका जाऊ. पलीकडे नाही न्यायचं तिला."

"मग इथं किती वेळ उभं राहायचं, पोरी? हात भरून येतात."

बटणावरचा अंगठा तसाच ठेवून शलाकाने डाव्या हातानं बाबांना फोन लावला. बाबा दुकान उघडं टाकून आले. सोफ्याशी उभं राहून त्यांनी पडद्यावरच्या टाचांकडे पाहिलं, मग चटईच्या खोलगट भागाकडे.

"उठव तिला."

"उठवलं की पूल पडतो, बाबा."

"मग उठवू नकोस." ते आत गेले. भांड्यांच्या टोपलीचा आवाज झाला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आईचा रुखवतातला डबा होता आणि त्यावर नि. चि. चं झाकण. "हे काय केलंस?"

शलाकाने पाहिलं.

"बसलं म्हणून... मी बघितलं नाही."

"नाव तिकडे पाठवलंस, शलाका." बाबा रागावले नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलले. "त्यांना सांग, झाकण बदललंय. हा डबा पाठवतो. यावर आमचं झाकण लावून परत द्या म्हणावं."

"द्या की," निळी चिमणी म्हणाली. तिनं ऐकलं होतं. "मी तरी म्हटलं, हेमा कोण? पण रिकामा पाठवू नका हं. माझे डोळे मिटायला लागलेत. मी झोपले तर खाट पडेल."

घरात जाग उरली नव्हती. बाबांनी कट्टा पुसून पाहिला, अभ्रे झटकून पाहिले, चपला आपटून पाहिल्या, कुंडी पालथी केली. शेवटी ते शलाकाशेजारी येऊन बसले, डबा मांडीत घेतला आणि डोळे चोळायला लागले. त्यांच्या पापण्यांतून बारीक रवा गळला. दोन्ही डोळ्यांचा मिळून डबा निम्मासुद्धा झाला नाही.

"माझीही घ्या," शलाका म्हणाली.

तिचे हात गुंतलेले होते. बाबांनी डब्याची कड तिच्या गालाला लावली आणि अंगठ्यानं तिच्या पापण्या हळूहळू चोळल्या, लहानपणी डोळ्यांत कचरा गेला की चोळायचे तशा. तिची जाग आईच्यापेक्षा जाड होती, थोडी पिवळसर. ऑगस्टपासूनची. डबा काठोकाठ भरला. बाबांनी वर नि. चि. चं झाकण दाबलं, टीव्हीच्या मागे हात घातला, आणि हात परत आला तो रिकामा.

पुलावर चौघं उभे होते. शलाकाच्या हातातला कंट्रोलर विटेसारखा जड झाला. बाबांची मान एकदा पुढे झुकली, त्यांनी ती सावरली.

"पोचला," निळी चिमणी म्हणाली. तिचा आवाज एकदम तरतरीत झाला होता, सकाळी सडा घालणाऱ्या बाईसारखा. "अगं, केवढी ताजी जाग आहे ही! थांब, झाकण लावते तुमचं. पण तुमचा डबा तरी रिकामा कसा पाठवू? बरं दिसत नाही."

"काहीही चालेल," शलाका म्हणाली.

"जे आहे ते घालते."

आणि खाट हलकी झाली. हिरवं पांघरूण सपाट झालं.

"कोण उतरलं?" गुंडोपंत म्हणाले. "अरे, आता न्यायचं कुणाला? नऊब?"

शलाकाने बटण सोडलं. टीव्हीच्या मागे खणकन आवाज झाला.

बाबांनी डबा दोन्ही हातांनी, शर्टाच्या टोकात धरून बाहेर काढला. आईचा डबा, आईचं झाकण, थरथरलेला मा. चटका बसेल इतका गरम. त्यांनी तो शलाकाच्या मांडीवर ठेवला, खाली टॉवेल घातला आणि सोफ्याला टेकून जमिनीवर बसले. शलाकाने झाकणाला कान लावला. आतून संथ, किंचित घुरघुरणारा श्वास ऐकू येत होता. आई गाढ झोपली होती. चटईवर झोपायची त्यापेक्षा कितीतरी गाढ.

"उघड," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे मिटले होते. "गरम आहे तोवर उघडतं. गार झाला की झाकण आत ओढलं जातं. मग कुणाच्या बापाला निघत नाही."

"उघडलं तर उठेल ना?"

"उठेल."

"किती दिवसांनी अशी झोपलीय, बाबा."

बाबांचं डोकं सोफ्याच्या कडेवर टेकलं होतं आणि हात उघडा पडला होता. हेडफोनमधून गुंडोपंत बारीक आवाजात कुणाला तरी हाका मारत होते. शलाकाने बोटं झाकणाच्या कडेखाली घातली. कड अजून ढिली होती, जरा उचललं असतं तर आलं असतं. तिच्या स्वतःच्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

"पाच मिनिटं," ती डब्याला म्हणाली.

तिनं बोटं काढून घेतली आणि हात नावावर ठेवला. मांडीला डब्याचं बूड आता नुसतं कोमट लागत होतं.